पहिल्याच अंकात निकाल

पाणीपुरवठा कार्यालयातला प्रत्येक कागद डाव्या समासापासून सुरू झाला पाहिजे, असं परिपत्रक होतं. काढलं होतं हेडक्लार्कनी. समास वाकडा दिसला की त्यांना जेवण जात नसे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना समासराव म्हणत. शब्द असो की आकडा, कडेला सरळ उभा राहिला पाहिजे, बस्स!

त्या वर्षी एकाच विभागाला पुरेल इतकी पाइपलाइन आली. ज्याची लोकसंख्या मोठी, त्याला नळ, असं ठरलं. समासराव पूर्व विभागात राहत. तिथे टँकरमागे धावून धावून बायकोची कंबर पार कामातून गेली होती.

"या वेळी नळ आला नाही, तर बादल्या तुम्ही उचलायच्या," तिने बजावलं होतं.

समासराव निर्धास्त होते. पूर्वेत १,०२,३४५ माणसं, पश्चिमेत ९८,७६०. दोन्ही आकडे त्यांनी समासाला चिकटवून एकाखाली एक लिहिले आणि भर सभेत साहेबांपुढे ठेवले.

साहेबांनी वरच्या एकावर बोट टेकवलं, मग खालच्या नवावर. "तुलना डावीकडून करायची, चौथीत शिकलोय मी. इथे एक, इथे नऊ. पहिल्याच अंकात निकाल! पश्चिम मोठी."

समासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, तो 'एक' हा लाखाच्या स्थानावरचा आहे. आणि हा 'नऊ', दहा हजारांच्या."

"मग दोघं एकाखाली एक कसे?"

"उजवीकडून जुळवले, म्हणजे एककाखाली एकक घेतलं, तर..."

"उजवीकडून? आणि समासाचं परिपत्रक कुणाचं?"

"माझंच."

"मागे घेताय?"

सभेतले सगळे चौथी पास होते. सगळे छताच्या पंख्याकडे पाहू लागले. ज्या नियमावर आयुष्यभर मिरवलं, तो चारचौघांत मागे घ्यायचा? समासरावांची जीभ रेटेना. "नाही, साहेब."

साहेब मनाने वाईट नव्हते. "असं करा, पूर्वेची माणसं जरा कमी करा. लाखाच्या खाली उतरलात की नऊ तुमचाही."

हिशेब सोपा होता. २,३४६ माणसं हलवली की राहतात ९९,९९९, म्हणजे डावीकडून पाहा की उजवीकडून, नऊच नऊ! लोकांनी पश्चिमेतले सगळे नातेवाईक शोधून काढले. सुरुवात समासरावांनी घरापासून केली.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणत बायकोला तिच्या पश्चिमेतल्या भावाकडे नेऊन सोडलं.

फेरमोजणीत पश्चिम १,०१,१०६ भरली. "बघा, नवावरून एकावर घसरली," साहेब हळहळले आणि नळ पूर्वेला मंजूर झाले.

घरात पाणी आलं, पण एक नवीनच पथ्य मागे लागलं. कुणाकडे पाळणा हलला, की गल्लीतल्या एखाद्या आजोबांना पश्चिमेला निघावं लागे. आकडा हलता कामा नये!

चार दिवसांची मुदत कधीच उलटली. मग एके सकाळी बायको पिशवी घेऊन दारात उभी राहिली. समासराव दोन्ही हात पसरून आडवे झाले.

"आत नको येऊस!"

"अहो, माझंच घर ना हे?"

"तू आलीस की आपण बरोबर एक लाख. एकापुढे नुसती शून्यं! नळ जाईल गं."

"मग ते मेलं परिपत्रक मागे घ्या ना!"

"तेवढं सोडून बोल."

त्यांच्या पाठीमागे नळ धो धो वाहत होता. बायकोने तिकडे पाहिलं. "निदान एक बादली भरून द्या. भावाकडे अजून टँकरच येतो."

समासरावांनी काठोकाठ भरून दिली. तीच बादली, तीच कंबर. ती वाकून उचलताना कण्हली, तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. मग त्यांनी दार लावलं.

हसलात ना? हसा की. चौथी तर तुम्हीही पास आहात. पण तुमच्या घरी नळाला पाणी येतं आणि पलीकडच्या वस्तीत टँकर. हे कुठल्या हिशेबाने, असं विचारायला तुम्ही कधी सभेत उठलात? की तुमच्याही सभागृहातला पंखा बघण्यासारखा आहे?