पॅरिसहून व्हिएन्ना किती लांब?

कॅनडातल्या कॅल्गरीमधल्या आमच्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल पॅरिसला न्यायचं ठरलं, तेव्हा मंदाकिनीकाकूंनी एकच विनंती केली. त्यांची धाकटी बहीण विजयालक्ष्मी व्हिएन्नात राहते. बारा वर्षांत दोघींची भेट नाही. सहलीतला एक दिवस काढून काकूंना तिच्याकडे जाऊन यायचं होतं. अंतर हजारेक किलोमीटर, विमानाला दोन तास. विषय इथेच संपायला हरकत नव्हती, पण अध्यक्ष भाऊसाहेबांनी उपसमिती नेमली.

उपसमितीचा नियम एकच होता: कोणाचीही सूचना फेटाळायची नाही. गेल्या गणपतीत शिऱ्यातल्या साखरेवरून मंडळ फुटता फुटता वाचलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांची मनं जपतो.

"दोन तास हे नुसते हवेतले," उन्मेष म्हणाला. तो तेल कंपनीत सेफ्टी बघतो. "एअरपोर्टवर तीन तास आधी पोचायला हवं. बफर इज मस्ट."

टाळ्या वाजल्या. सूचना मंजूर झाली.

सुरेखाताईंनी पॅरिसच्या ट्रॅफिकसाठी आणखी तीन तास मागितले. त्या कधी पॅरिसला गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या जाऊबाई गेल्या होत्या. मंजूर.

"स्नो पडला तर विमान डी-आइस करावं लागेल. दोन तास धरा," गुरुदत्त म्हणाला.

"अरे, आपण जुलैत जातोय," काकू म्हणाल्या.

"काकू, आपल्याकडे मे महिन्यात दारातला स्नो शोव्हल केलाय मी."

हेही मंजूर. जायला दहा तास, यायला दहा. शिवाय बहीण जेवल्याशिवाय सोडणार नाही आणि जेवून लगेच प्रवास बरा नाही, म्हणून अक्षताने चार तास विश्रांती सुचवली. चोवीस तास भरले. त्यात बहिणीशी बोलायचा वेळ धरलेला नव्हता.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "एवढ्या वेळात आपण मुंबईला पोचतो. तेव्हा दोघी बहिणींनी मुंबईत भेटावं, हेच व्यवहार्य."

"अहो, मला फक्त विजूला डोळे भरून बघायचंय," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच तर एवढा स्टडी करतोय, काकू," भाऊसाहेब म्हणाले आणि मुंबईच्या अंतरासाठी दुसरी उपसमिती नेमली.

काकूंची नात ऊर्मी शेजारीच फोनवर बोटं फिरवत होती. "आजी, इट्स लिटरली टू अवर्स. आय बुक्ड इट."

जुलैत पॅरिसला पोचल्यावर काकू एका सकाळी गेल्या आणि रात्री परत आल्या. रडून रडून डोळे सुजलेले, चेहरा मात्र माहेरी जाऊन आल्यासारखा. बहिणीने डबाभर बेसनाचे लाडू दिले होते. हॉटेलच्या लॉबीत उपसमितीची बैठक चालूच होती. लाडू खाऊन झाल्यावर भाऊसाहेबांनी ठराव मांडला: अंतिम अहवाल येईपर्यंत काकू व्हिएन्नाला गेल्या नाहीत असं समजण्यात यावं. तो एकमताने मंजूर झाला. त्या वेळी त्यांच्या मिशीला बेसन लागलेलं होतं.

भाऊसाहेबांचा सख्खा भाऊ एडमंटनला असतो, गाडीने तीन तासांवर. बर्फात लागणारे विंटर टायर्स बदलले की जायचं, असं त्यांचं सहा वर्षं चाललंय.

तुम्हाला हसू आलं असेल. तुमच्या घरापासून वीस मिनिटांवर राहणाऱ्या ज्या माणसाला तुम्ही "एकदा निवांत येतो" म्हणाला होतात, तोही हसला असता. तुमच्या उपसमितीचं कुठवर आलंय, एवढंच त्याला विचारायचंय.