शमिकाच्या गालावरची तीट

"दोनांतला चांगला फोटो निवडायला असा कितीसा वेळ लागतो? पाच मिनिटांत निकाल लावते!" मृणाली सकाळी छातीठोकपणे म्हणाली, आणि तिथेच घोळ झाला!

संध्याकाळी शमिकाचा पहिला वाढदिवस. हॉलमधल्या फ्रेमसाठी ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवा होता एक, आणि घरात छापणारे दोन! सासरे सखारामबाबा, चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस, न्हाणीघरात लाल दिवा लावून डार्करूम थाटलेली. नवरा सर्वेश, जयगडच्या बंदरातल्या नोकरीवर रजा टाकून नव्या इंकजेट प्रिंटरपुढे ठाण मांडलेला. निगेटिव्ह एकच, बाबांची. सर्वेशने ती स्कॅन केली होती.

दोन्ही फोटो आले. सर्वेशचा काळा रंग शेवाळासारखा हिरवट. बाबांचा काळा असा, की बोट घातलं तर बुडेल! निकाल उघड होता. पण मृणाली दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली.

"गालावरची तीट कुठेय?"

"तो डाग? पुसला की माऊसने," सर्वेश म्हणाला.

"मला वाटलं, निगेटिव्हला भोक पडलंय," बाबा खुशीत. "फोटोवरचा डाग ब्लेडने खरवडला. कळतंय का बघ!"

"अहो बाबा, साठ माणसं बघणार हा फोटो!"

मृणाली एम.एस्सी. होती, नजरबिजर मानत नव्हती. पण उगाच धोका कशाला? काजळाची डबी आणून तिने दोन्ही फोटोंना तीट लावली. सर्वेशची शाई ओलीच होती. शमिकाला झुपकेदार मिशी फुटली! बाबांचा कागद भिजून मऊ झालेला. नख लागून गालावर पांढरा ओरखडा!

सर्वेशने पुन्हा बटण दाबलं. काळी शाई संपलेली. कोकम सरबतासारखी गुलाबी शमिका बाहेर आली!

बाबांकडे शेवटचा कागद उरला होता. "कोणी दार उघडायचं नाही हां!" म्हणून ते आत गेले.

साडेपाच वाजले. मृणालीच्या येरझारा थांबेनात. सवयीने पुन्हा खरवडतील का?

"बाबा, तीट ठेवताय ना?"

आत नळ वाहत होता.

"बाबा? ऐकताय ना?"

तिने दार उघडलं. ट्रेमधल्या कागदावर शमिकाचे डोळे नुकते उमटत होते, गाल उमटत होता, तीटसुद्धा! आणि दारातून आलेल्या उजेडाने बघता बघता सगळा कागद तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट!

"ठेवत होतो गो मी!" बाबा कळवळले, आणि रागाच्या भरात तोच कागद फ्रेममध्ये घालून मोकळे झाले.

सहाला पाहुणे आले. फ्रेमसमोर उभे राहून गंभीरपणे माना हलवू लागले. इतक्यात सासूबाई शमिकाला कडेवर घेऊन आल्या.

"अगो मृणाली, भिंतीला एवढी मोठी तीट लावलीस, ते बरं केलंस. पण पोरीच्या गालावर कोण लावणार?"

साठ माणसांनी वळून पाहिलं. शमिकाचा गाल लख्ख कोरा!

मृणाली काजळाच्या डबीकडे धावत सुटली. नजरबिजर ती मानत नाही, हे वर सांगितलंच आहे.