शुद्ध पत्र बनावट ठरले त्याची हकीकत

॥ श्री ॥ लेखणीस बुद्धी देणाऱ्या देवास नमन करून लिहितो. शके १७४५, सुभानुनाम संवत्सरीं एका राज्यीं ऐसे वर्तमान जाहले कीं, टोपीकर साहेबाशी पत्रव्यवहार इंग्रजीत करावा ऐसा करार होता, आणि ते काम धोंडो मल्हार चिटणीस तीस वर्षे करीत होते. त्यांनी ती भाषा ऐकून ऐकून उचललेली. पत्राचा आरंभ 'मायसेल्फ महाराज' ऐसा करीत, 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'अ‍ॅडव्हाइज' यांतील जे हातीं येईल ते घालीत, आणि मराठींत घेणे काय देणे काय, दोन्ही उसनेच, म्हणोन 'लेंड' लिहावे तेथे 'बॉरो' लिहीत. साहेबास अर्थ कळे आणि काम चाले. मग विसाजी अनंत नामे गृहस्थ साहेबाच्या बंदरीं राहून इंग्रजी व्याकरण पढून आले, आणि त्यांनी भर दरबारीं धोंडोपंतांचे पत्र वाचून ओळीओळीस चूक दाखविली. महाराज हांसले, दरबार हांसला, आम्हीही हांसलो. ते आज लिहिताना बरे वाटत नाही. धोंडोपंत पागोटे सावरून घरी गेले आणि चिटणिशी विसाजीपंतांस जाहली.

त्याच वर्षीं विसाजीपंतांचे धाकटे बंधू बाबाजी परवानगीच्या दाखल्यावाचून नदीपार साहेबाच्या मुलखांत गेले, आणि साहेबाच्या चौकीवर हेर म्हणोन धरिले गेले. पौर्णिमेपावेतो 'हा आमचा माणूस' ऐसे महाराजांचे पत्र न आल्यास गलबतावर घालून बेटावर धाडावे ऐसा हुकूम जाहला. विसाजीपंतांचे अन्नपाणी सुटले. त्यांनी सात मसुदे केले, एका अक्षराची चूक ठेविली नाही, आणि शिक्का करून पत्र पोंचवावयास जासूद रवाना केला. जासूद परतला तो तेंच पत्र घेऊन. साहेबाची रीत ऐशी कीं, आलेले पत्र मागील पत्रांशेजारी ठेवून पारखावे. साहेब बोलिले, "या दरबाराची दोनशें पत्रे आमचे दप्तरीं आहेत, त्यांत एकही शुद्ध नाही. हे शुद्ध, तेव्हां बनावट. शिक्का चोरीचा असेल." पौर्णिमेस चार दिवस राहिले. मग विसाजीपंत चुका घालोन लिहू लागले, परंतु त्या मुद्दाम केल्याशा दिसत, आणि बंधूचा जीव तर टांगणीस लागलेला. तेव्हां ते धोंडोपंतांच्या घरी गेले आणि म्हणाले, "पंत, आपल्या त्या चुका मला सांगा."

धोंडोपंत म्हणाले, "कोणत्या ते ठाऊक असते तर केल्या असत्या का? माझा हात आतां कांपतो. तुम्ही लिहावयास बसा, मी आपल्या परीने शुद्ध सांगतो." मग ते सांगत गेले आणि विसाजीपंत लिहीत गेले. चूक ऐकून विसाजीपंतांची लेखणी तीन वेळां थांबली, आणि तिन्ही वेळां ती न सुधारतां पुढे चालली. साहेबाने पत्र पाहतांच ओळखले आणि बाबाजीस सोडिले. बाबाजीही बंदरींच पढलेले. दरबारीं मुजऱ्यास आले तेव्हां धोंडोपंत समोर बसले होते, आणि बाबाजी म्हणाले, "दादा, ते पत्र कोणा अडाण्याने लिहिले? चौकीवरचे कारकून हांसत होते, मला मान वर करवेना." विसाजीपंत उठून म्हणाले, "मी लिहिले. अक्षर माझेच आहे. चुकाही माझ्याच."

ऐसे वर्तमान जाहले. चिटणिशी धोंडोपंतांस परत मिळाली, विसाजीपंत त्यांचे हाताखाली लिहू लागले, आणि त्या दिवशीं दरबारीं कोणी हांसले नाही.