टेपानं मापलेलं पहिलं पान

चिटगुप्प्याचा काशप्पा शिंपी पेपर वाचायचा नाही, मापायचा. सकाळच्या बसनं दोन पेपर आले की गळ्यातली टेप उतरवून तो पहिल्या पानावर ओणवा व्हायचा.

"लिवा गुरुजी. आमच्या पार्टीला साडेतीन इंच. आन त्यांच्या फुडाऱ्याच्या नुसत्या शिंकेला आठ! एवढी तर त्याची छाती बी न्हाई, कोट मीच शिवलाय."

मी फुकट पेपर वाचायला जाणारा मास्तर, त्यामुळे मापं लिहिणं माझ्याच गळ्यात पडलं होतं. वही मात्र गिऱ्हाइकांचीच. एकदा घोळ झाला आणि एका सावकाराच्या पायजम्याची कंबर अर्थमंत्र्यांच्या भाषणाएवढी निघाली, अकरा इंच.

गंमत म्हणजे ज्या पेपराला तो रोज शिव्या घालायचा, तोच न चुकता विकत घ्यायचा. "कामून घेता मग?" मी विचारायचो.

"दुश्मनाचं माप ठाऊक पायजे!"

ह्याच पेपरापायी उदगीरच्या थोरल्या भावाशी त्याचा सात वर्षं अबोला होता. दोघं गावातल्या सभेला एकाच सतरंजीवर शेजारी बसले होते. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या, म्हणजे ह्याच पेपरात 'अथांग जनसागर', काशप्पाच्या पेपरात 'सतरंज्या रिकाम्या'. दोघांनीही स्वतःचे डोळे सोडून आपापल्या पेपरावर विश्वास ठेवला.

"रिकाम्या सतरंजीवर बसलावतास व्हय रे?"

"आन अण्णा, तुमी काय समुद्रात बसलावता?"

थोरला दुपारच्या बसनं गेला तो पुन्हा आला नाही.

पुढे निवडणुकीत थोरल्याची पार्टी जिंकली. त्या पेपरानं वीतभर अक्षरांत पान भरून मथळा दिला. आज काशप्पा काय काय बोलणार म्हणून दुकानापुढे माणसं जमली. मीही वही उघडून तयार.

काशप्पानं पेपर पसरला, हातानं सुरकुत्या मोडल्या. टेप गळ्यातच राहिली.

"काशप्पा, माप सांगा की," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी."

कंटाळून माणसं पांगली. तो अजून मथळ्यावरून हात फिरवत होता.

"ह्यो पेपर बघितला की मला कळतंय," तो हळूच म्हणाला, "आज अण्णा कशावर चिडले आसतील."

मी वही मिटली.

"आज न्हाईत चिडले," काशप्पा म्हणाला. "आज आमचे अण्णा लई खूश आसतील."