फ्रीजवाल्याच्या घरचा बर्फ

वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या बायकांची नियम पाळण्याची स्पर्धा ठेवली असती, तर वहिनींनी पहिला नंबर काढून वर परीक्षकांच्या चुकाही दाखवल्या असत्या. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं, आणि जिन्यात भेटेल त्याला त्या ते ऐकवत. घास लहान, चावणं सावकाश, जेवताना पाणी नाही, गोड बंद! डॉक्टरांनी जठर एवढंसं करून आतड्याची वाट जरा वळवून दिली होती, तेव्हापासून वहिनींचे जुने कपडे त्यांच्या अंगावर असे लोंबत, जणू कुणीतरी ते त्यांच्यावर वाळत घातले आहेत.

गोळ्यांचं खातं मात्र दादांकडे होतं. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, फ्रीज दुरुस्त करणारे. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणे, म्हणून या सगळ्या गल्लीच्या वहिनी. दवाखान्यातून निघताना तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी कुठली गोळी कधी, कशाबरोबर आणि कशापासून लांब, हे अगदी सावकाश समजावलं होतं. वहिनी तेव्हा अर्धवट झोपेत होत्या आणि दादांचं लक्ष खोलीतल्या एसीच्या घरघरीकडे होतं. त्यांच्या डोक्यात गोळ्यांची नावं राहिली, वेळा गळाल्या. मग घरी त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. सकाळी एका वाटीत सगळ्या गोळ्या एकदम, लोहाची, कॅल्शियमची, जीवनसत्त्वांची, आणि त्यावर कपभर दाट दुधाची कॉफी. एकदाच सर्व्हिसिंग केलं की दिवसभर कटकट नाही, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदाच रोज हातात कप आणून देत होता. वहिनींनी त्यात खोट काढली असती तर त्यांचीच दृष्ट लागली असती.

रक्त तपासायची तारीख आली, तशी गेली. वजन झकास उतरतंय, मग उगाच सुई कशाला टोचून घ्यायची, यावर नवराबायकोचं एकमत झालं. त्यांचं एकमत होणं हीच खरं तर धोक्याची घंटा होती.

मग बर्फ सुरू झाला.

पहिला खडा वहिनींनी सहज तोंडात टाकला. दाताखाली तो कडकन फुटला आणि त्यांना असं वाटलं, की इतके दिवस आपण नुसत्या जिवंत होतो, आता जगायला लागलो. दुपारी दुसरा. संध्याकाळी मूठभर. आठवडाभरात त्या वाटी भरून न्हाणीघरात जाऊ लागल्या आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडू लागल्या.

तो नळ सोडला, की त्यांना जुने दिवस आठवत. कारण ऑपरेशनच्या आधी त्या अशाच खात. उभ्याने, चोरून, नळाच्या आवाजात. म्हणजे ती जुनी हाव मेलीच नव्हती, नुसता वेष बदलून आली होती! आता कुठल्या तोंडाने सांगायचं? नवरा दवाखान्याच्या बाकावर बसून बसून पाठीचं धनुष्य करून घेतलेला. सासूबाईंनी महिनोन्‌महिने त्यांच्यासाठी वेगळं मऊ शिजवलेलं. या सगळ्यांना सांगायचं, की तुमचं सगळं पाण्यात गेलं? त्यांनी तोंड मिटून घेतलं. बर्फापुरतं उघडलं.

वहिनी चोर झाल्या तरी शिस्तीच्या चोर. खडे काढले, की ट्रे पाण्याने भरून पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. आणि सगळा घोटाळा इथेच झाला.

एका दुपारी दादा घरी आले ते भाजलेला अंगठा धरून. बर्फासाठी त्यांनी ट्रे ओढला, तर आत पाणी. सकाळी भरलेला ट्रे दुपारपर्यंत पाणीच? दुसऱ्या कुणी ट्रे परत आत सरकवला असता. दादांनी अंगठा तोंडात घातला आणि फ्रीज भिंतीपासून ओढला.

थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या दिवशी पाणी. दाराचं रबर बदललं. पाणी. जुना गॅस काढून नवा भरला. पाणी! सासूबाईंनी विजेवर संशय घेतला, शेजाऱ्यांनी फ्रीज दक्षिणेकडे तोंड करून ठेवल्याचं कारण काढलं. दादांनी शेवटी दुकानातून एक ठणठणीत फ्रीज आणून पहिल्याशेजारी उभा केला. आता वहिनींना निवडीला वाव मिळाला. संध्याकाळी दोन्हींत पाणी.

त्या दिवशी दादा ताटावर बसले ते न जेवता बसून राहिले. फ्रीजचं घशातलं गुरगुरणं ऐकून आजार सांगणारा माणूस तो. त्याने दोन गिऱ्हाइकांना काम घेत नाही म्हणून परत पाठवलं होतं.

"हात गेला माझा," ते हळूच म्हणाले. "आता कुणाच्या मशीनला हात लावायची भीती वाटते."

वहिनींना त्या क्षणी सांगून टाकावंसं वाटलं. पण जीभ उचलेना. तसंही हल्ली त्यांचं काहीच उचलत नव्हतं. ज्या जिन्यात त्या बढाया मारत, तिथेच मधल्या पायरीवर बसून धापा टाकत. कंगव्यात केसांचं घरटं निघे. सासूबाई म्हणत, चिमणीएवढं खाल्लं तर दुसरं काय होणार.

दुसऱ्या दिवशी दादांनी कामाला सुट्टी दिली आणि थर्मामीटर घेऊन फ्रीजसमोर स्टुलावर ठाण मांडलं. दुपारपर्यंत वहिनींची अवस्था पिंजऱ्याबाहेरच्या वाघासारखी झाली, कारण त्यांचा घास आत होता. अखेर दादांचा फोन वाजला. ते खिडकीकडे वळले मात्र, वहिनींनी झडप घालून दोन खडे तोंडात कोंबले. दादा तेवढ्यात मागे वळले.

ट्रेला हात लावलास का, असं त्यांनी विचारलं. वहिनी नुसतं बघत राहिल्या. चावावं तर आवाज, गिळावं तर पोट लिंबाएवढं, थुंकावं तर अब्रू! एक गाल फुगलेला, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळतंय, चेहरा पांढराफटक.

"अरे, हिचं तोंड वाकडं झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचं सगळं दादांच्या टेम्पोच्या वेगाने घडलं.

दवाखाना येईपर्यंत बर्फ वितळून गेला होता. वहिनी मला काही झालं नाही म्हणून सांगत होत्या, पण टेम्पोतून उतरतानाच त्यांना एवढी धाप लागली, की कुणाचा विश्वास बसेना. डॉक्टरांनी तोंड तपासलं, ते सरळ निघालं. मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तर ती आतून फिकट पांढरी. रक्त घेतलं. आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं.

बाईंनी नुसतं विचारलं, ताई, हल्ली कशी इच्छा होते खायची? आणि वहिनींचा बांध फुटला.

"माझी हाव परत आली हो बाई. बर्फ खाते मी. चोरून. ट्रेच्या ट्रे."

दादांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढून वहिनींचा हात हातात घेतला.

"ही हाव नाही, ताई. अंगातलं लोह संपत आलं, की कितीतरी जणांना असा बर्फ खावासा वाटतो. तुमचं शरीर मदत मागत होतं."

वहिनींनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाईंनी सांगितलं. मग त्या इतक्या रडल्या, की पलीकडच्या खोलीतला पेशंट स्वतःचं दुखणं विसरून बघायला आला.

रक्ताचा निकाल बाईंच्या बोलण्यासारखाच आला. मग गोळ्या कशा घेता, हा प्रश्न निघाला. दादांनी सावरून, जरा अभिमानानेच, आपली पद्धत सांगितली. एक वाटी, एक कप. बाई हळूहळू डोळे मिटत गेल्या. आतड्याची वाट वळवल्यावर लोह आधीच कमी शोषलं जातं, त्यात कॅल्शियम, दूध आणि कॉफी त्याला आत शिरूच देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. लोहाची गोळी वेगळी, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम काही तासांच्या अंतराने. आणि रक्ततपासणी जन्मभर, वजन कितीही झकास उतरो.

आता हे माफी मागतील म्हणून वहिनी वाट बघू लागल्या. दादा बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे फ्रीज चांगला होता?"

लोह फारच खाली गेलं होतं, म्हणून ते सलाइनमधून द्यावं लागलं. दादा प्रत्येक वेळी बाटलीशेजारी बसून राहिले. थेंबांची गती बरोबर आहे का ते नर्सला विचारत, आणि घरी येऊन आपली कॉफी गॅलरीत जाऊन पीत. माफी त्यांनी अशी मागितली. वहिनींना पोचली. जिना पुन्हा एका दमात चढता येऊ लागला, तेव्हा त्या वरच्या पायरीवर थांबून कुणाला काही सांगायच्या ऐवजी मनातल्या मनात बाईंना नमस्कार करत.

एका सकाळी त्यांनी कशासाठी तरी घरचा जुना फ्रीज उघडला. ट्रे दिसला. खावंसं काही वाटलं नाही. त्या आनंदात ट्रे हातात घेतला, तर पाणी डुचमळलं.

"अहो, मी नाही," त्या ओरडल्या.

दादा टॉर्च घेऊन आले आणि आधी त्यांनी वहिनींचं तोंड तपासलं. कोरडं होतं. मग फ्रीजला कान लावला. त्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नातल्या फोटोतही तो तसा नव्हता. इतक्यांदा उघडून, पिळून, भरून त्यांनी तो फ्रीज शेवटी खरोखर बिघडवला होता.