कुलूपवाले काका लपतात

"आमच्या लहानपणी," कुलूपवाल्या काकांनी सुरुवात केली, आणि काकूंनी हातातलं पातेलं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं. पुढचं त्यांना पाठ होतं. आमच्या लहानपणी संध्याकाळी घरात औषधालाही पोर सापडायचं नाही. आमच्या लहानपणी गुडघा फुटल्याशिवाय घरी आलो, तर आई कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना. आणि शेवटी ठरलेला कळस: लपाछपीत मी एकदाही सापडलो नाही. राज्य घेणारे रडकुंडीला यायचे.

हे सगळं ज्या सोफ्याकडे तोंड करून चाललं होतं, त्यावर त्यांची मुलगी पालथी पडून मोबाईलमधल्या एका माणसाला पळवत होती. तो बिचारा घामाघूम झाला होता. घरात तिला भिंगरी म्हणत. रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव पडलं. नाव राहिलं, भिंगरी तेवढी थांबली.

"बाबा, पैज लावायची का?" ती मान वर न करता म्हणाली. "उद्या सुट्टी आहे. बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना मी खाली आणते. तुम्ही लपा. अंधार पडेपर्यंत सापडला नाहीत, तर रोज संध्याकाळी आमचे मोबाईल बंद. सापडलात, तर 'आमच्या लहानपणी' हे परत म्हणायचं नाही. कधीच नाही."

"मी भिंगरीकडून," काकू लगेच म्हणाल्या. भिंगरीची आजी, म्हणजे काकांची आई, खिडकीशी वाचत बसल्या होत्या, त्या नुसत्या हसल्या.

काकांनी पैज घेतली. त्यांचं कुलपांचं आणि तिजोऱ्यांचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट अर्धवट बंद करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून एक पोलादी पेटी आणली आणि जाहीर केलं की खेळ संपेपर्यंत सगळ्यांचे मोबाईल यात. मुलं म्हणाली, मग मोठ्यांचेही. रास्त होतं. काका उत्साहाच्या भरात पेटी घेऊन दारोदार फिरले.

"काका, मला एक महत्त्वाचा फोन यायचाय हो," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

"सेक्रेटरीसाहेब, तासाभराचा तर प्रश्न आहे. मुलांसमोर आपणच कच खाल्ली, तर त्यांना काय सांगणार?"

दात काढून घेताना होतो तसा चेहरा करून सेक्रेटरींनी फोन पेटीत टाकला. पेटी काकांच्या घरात टेबलावर गेली आणि किल्ली काकांच्या पँटच्या खिशात.

लपायची जागा काकांनी आधीच हेरली होती. जिन्याखाली सोसायटीची अडगळीची खोली होती. तिथे झाडू, रंगाचे डबे, जुन्या खुर्च्या असं सामान असे, आणि तिला कायम कुलूप असल्यामुळे तिथे कोणी शोधणार नव्हतं. खेळ बघायला दोन खुर्च्या हव्यात असं सांगून त्यांनी सकाळी सेक्रेटरींकडून किल्ली मागून घेतली, दार उघडलं, ते बंद होऊ नये म्हणून सांध्यात विटेचा तुकडा घातला आणि किल्ली साळसूदपणे परत केली. संध्याकाळी भिंगरीने भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायला घेतले. काका पळत आले, विटेचा तुकडा पायाने उडवला आणि आत शिरले. मागे दार लागलं. टक्.

हा आवाज काकांच्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकांना ते हाच आवाज काढून दाखवत आणि म्हणत, "ऐका. याला म्हणतात कुलूप." खोलीतले बल्ब चोरीला जायला लागले तेव्हा सोसायटीच्या सभेत उभं राहून त्यांनीच सांगितलं होतं, की आपोआप लागणारं कुलूप बसवतो, चोर आत गेलाच तर किल्लीशिवाय बाहेर येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

काकांना आधी अभिमान वाटला. कुलूप खरंच उत्तम होतं. मग त्यांनी दार ढकललं, खांदा लावला, खिशातल्या पेटीच्या किल्लीने उगाच खुडबूड केली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ओरडायचीही सोय नाही. ओरडलं तर पैज हरणार, ते एक वेळ चालेल. पण कुलूपवाला स्वतःच्याच कुलपात अडकला ही बातमी बाहेर गेली, तर दुकानाला कायमचं कुलूप लावायची वेळ येणार. ते एका रंगाच्या डब्यावर बसले आणि दारातल्या जाळीतून येणारे आवाज ऐकू लागले.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. मुलं गाड्यांखाली वाकत होती, पाण्याच्या टाकीवर चढत होती, सायकली पाडत होती. काका अंधारात गालातल्या गालात हसत होते. मग हळूहळू मोठी माणसं खाली यायला लागली.

"अहो, सापडले का ते?" सेक्रेटरींचा आवाज आला. "माझा फोन वाजत असेल वर."

"काकांना फोन करून बघा ना," कोणीतरी म्हणालं.

"कशावरून करू? आणि त्यांचाही पेटीतच आहे."

"मग गेटवरच्या कॅमेऱ्यात बघा."

"तो माझ्या मोबाईलवरच दिसतो हो," सेक्रेटरी रडवेल्या आवाजात म्हणाले. "ते काही नाही, पेटी फोडू."

"फोडून बघा," काकू शांतपणे म्हणाल्या. "आमच्या दुकानातली आहे."

आत काकांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं संसार झाला, पण बायकोने मालाची अशी तारीफ कधी केली नव्हती.

शोधाशोध आता जोरात सुरू झाली. आख्खी बिल्डिंग खाली उतरली. गच्ची झाली, कुंड्यांमागे झालं, कोपऱ्यावरचं दुकानही झालं. अडगळीच्या खोलीपाशी दोनदा माणसं आली आणि "इथे कुलूप आहे" म्हणून निघून गेली. शेवटी सगळे दमून आवारात बसले. बसले खरे, पण हातांना काय करावं ते कळेना. थोडा वेळ लोक रिकाम्या तळहातांकडे बघत राहिले. मग एका पोराने जमिनीवर विटेने रेघ मारली, दुसऱ्याने तिच्या पलीकडे उडी मारली, तिसरा म्हणाला तुझा पाय लागला, आणि भांडण सुरू झालं. भांडण सुरू झालं म्हणजे खेळ सुरू झालाच. बघता बघता दोन बाजू पडल्या आणि लंगडी रंगली. निवाडा करायला सेक्रेटरींना उभं केलं, आणि ज्या माणसाला महत्त्वाचा फोन यायचा होता तोच सगळ्यात मोठ्याने ओरडत होता, "पाय टेकला. मी बघितला. बाद म्हणजे बाद."

डब्यावर बसलेल्या काकांना आनंदाचं भरतं आलं. हेच तर हवं होतं. त्यांनी मनातल्या मनात रोजचं वेळापत्रकसुद्धा आखलं. मग डास चावायला लागले. मग पायाला मुंग्या आल्या. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की बराच वेळ झाला, आपलं नाव कोणीच घेतलेलं नाही.

तेवढ्यात जाळीपाशी दोन पोरी धापा टाकत येऊन टेकल्या.

"अगं, काका राहिलेच की शोधायचे."

"राहू दे ना. ते सापडले की फोन परत मिळणार, आणि सगळे घरी जाणार. मग आपला डाव?"

"हो गं. नकोच शोधायला."

काकांना एकाच वेळी धन्यही वाटलं आणि रागही आला. दारावर दोन थापा माराव्या म्हणून त्यांनी हात उचलला, तर जाळीत एक डोळा दिसला.

"बाबा?"

"श्श. भिंगरे, हळू बोल."

"तुम्ही इथे? कुलपात?"

"सेक्रेटरींकडून किल्ली आण गुपचूप. हरलो म्हण हवं तर. पाय आखडलेत माझे."

भिंगरीने एकदा मागे वळून आवाराकडे बघितलं. तिचे केस घामाने चिकटले होते आणि गालाला मातीचा पट्टा होता. "बाबा, अजून थोडा वेळ बसाल का? प्लीज. आता माझीच पाळी आहे, आणि आमची बाजू जिंकत आलीय."

ही मुलगी कधीतरी खेळायला आणखी थोडा वेळ मागेल, म्हणून काका कित्येक वर्षं बोलून बोलून थकले होते. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

"जा," ते म्हणाले. "पण लवकर जिंका."

आवारातले दिवे लागले तेव्हा भिंगरी किल्ली घेऊन आली, आणि किल्लीमागे सेक्रेटरी, आणि सेक्रेटरींमागे बाकीचे सगळे. दार उघडलं. काका डोक्यावर कोळिष्टकं आणि कोपरावर हिरवा रंग घेऊन बाहेर आले.

"सापडलात," भिंगरी म्हणाली. "उजेड होता तेव्हाच बघितलं होतं मी."

"मान्य," काका पाय झटकत म्हणाले. "आज सापडलो. पण आमच्या लहानपणी एकदाही…"

काकूंनी बोट वर केलं. पण त्यांच्याआधी आजीच बोलल्या. गडबड ऐकून त्याही खाली येऊन खुर्चीवर बसल्या होत्या.

"अरे, तेव्हा तुला शोधायचं कोण? तू लपलास की सगळी पोरं समोरच्यांकडे टीव्ही बघायला पळायची. आख्ख्या गल्लीत तो एकच टीव्ही होता."

काकांचा पाय झटकता झटकता थांबला. "सगळी?"

"सगळी. राज्य घेणारा सगळ्यात पुढे."

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? दिवेलागणीला घरी यायचास, अंग सगळं धुळीने माखलेलं. म्हणायचास, 'आई, आज पण नाही सापडलो.' तो चेहरा बघितला की माझी जीभच रेटायची नाही."

सेक्रेटरी उगाच किल्लीकडे बघत राहिले. काकांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. एवढ्या वयात लहानपणीचं वाईट वाटून घ्यायचं म्हणजे नेमकं कसं वागायचं असतं, ते त्यांना कळेना. त्यांनी खिशातून पेटीची किल्ली काढून काकूंच्या हातात दिली आणि ते जिना चढून वर गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला त्यांनी टक् आवाज ऐकवला नाही.

संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. बाहेर बिल्डिंगमधली सगळी मुलं उभी होती, आणि सगळ्यात पुढे भिंगरी, स्वतःच्याच घराच्या दारात पाहुण्यासारखी.

"काकू," मागून एकजण म्हणाला, "काकांना खेळायला पाठवता का?"

काकूंनी एकदा आत बघितलं. मग कमरेवर हात ठेवला.

"शोधणार आहात ना पण?"

"सगळे मिळून शोधणार," भिंगरी म्हणाली. "सापडेपर्यंत."

"बरं. पण अंधाराच्या आत घरी आले पाहिजेत. आणि पडले तर रडत येऊ देऊ नका."

हे बोलून त्या आत वळल्या, तर खुर्ची रिकामी होती. कपात अर्धा चहा तसाच होता, आणि काका अनवाणीच मुलांच्या मधून वाट काढत जिन्याकडे निघाले होते.