सातव्या गुहेचं दार

एका जंगलात, बाळांनो, जिथे वाघसुद्धा शिकारीला निघण्याआधी मोबाइल चार्ज झाला का ते बघायचा, तिथे धुरपदा नावाची एक घोरपड राहायची. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. प्राणी बोलतात हे निमूट ऐकून घेता ना? मग वीजही घ्या.

त्या जंगलातली माकडं खेळ बनवायची आणि बाकीचे ते मोबाइलवर खेळायचे. खेळायचे म्हणजे सुरू करायचे. पहिला टप्पा झाला की शेपटी उंचावून फोटो काढायचा आणि दुसरा खेळ उघडायचा. खेळ संपवायची ती एकटी धुरपदा. घोरपडच ती, चिकटली की चिकटली.

जंगलाचा एक रिवाज होता. दर बाजाराच्या दिवशी ओढ्याकाठच्या मोठ्या कातळावरून नव्या खेळांविषयी मत सांगायचं. मत सांगणाऱ्यांना कातळावर बसायचा मान मिळायचा. खेळ न खेळताच बोलणारा कुणी सापडला, तर त्याला खाली उतरवायचं आणि पुन्हा वर चढू द्यायचं नाही.

इतरांना तो नुसता मान होता. धुरपदाला ते ऊन होतं. त्या दाट रानात धड ऊन पडायचं ते फक्त कातळावर, आणि ऊन नसलं की घोरपडीचे पाय हलत नाहीत, खाल्लेलं पचत नाही. मागच्या थंडीत तिची धाकटी बहीण जांभळीखाली ताठरली, ती ताठरलीच. यंदाची थंडी आता तोंडावर आली होती.

तर त्या वर्षी धुरपदानं तीन खेळ संपवले.

पहिला 'पारधी'. कातळावरून ती म्हणाली, "शंभर हरणं मारली. मोठा भाला मिळाला. कशाला? तर आणखी दोनशे हरणं मारायला. ती मारली, तर त्याहून मोठा भाला. शेवटी भाला एवढा झाला की त्याच्याआड हरीणच दिसेना. डोंबलाचा खेळ!"

समोरचं हरीण मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालं, "मावशी, तुम्हाला तो कळलाच नाही. फार सुरेख मरतो हो आम्ही त्यात."

दुसरा 'माझा मळा'. "गाजराला पाणी घाला. गाजर म्हणतं, उद्या या. उद्या गेलं की म्हणतं, आधी चार शेजारी घेऊन या. साठ दिवसांनी गाजर आलं, आणि ते खाता येत नाही!"

समोर ससे बसले होते. त्यांच्या मागे खरं गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि ससे खंगून काडी झाले होते. "मावशी, हळू बोला ना," एक ससा कुजबुजला. "माझं गाजर झोपलंय."

अशांना काय सांगणार? धुरपदानं सांगणं सोडलं नाही, एवढंच.

तिसरा 'सात गुहांचं राज्य'. माकडशेठनं तो वाजतगाजत आणला. दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेब कोल्हे कातळावर उभे राहिले. आप्पासाहेब म्हणजे जंगलातले थोर जाणकार. ते म्हणाले, "सहा गुहा ठीक. पण सातवी! सातव्या गुहेत मी चारदा रडलो." झालं. सगळं जंगल सातव्या गुहेसाठी रडायला लागलं. मोरानं तर पिसारा फुलवून रडून दाखवलं.

धुरपदा तेव्हा पहिल्या गुहेत वटवाघळं मारत होती.

चाळीस दिवसांनी ती सातव्या गुहेच्या दाराशी पोहोचली. दार उघडेना. तिनं किल्ली लावली, डोकं आपटलं, अकरा दिवस ती दाराला चिकटून राहिली. बाराव्या दिवशी शेजारच्या भिंतीला चुकून धक्का लागला आणि ती आरपार पलीकडे गेली. पलीकडे सगळं नुसतं पांढरं होतं. गुहा नाही, राज्य नाही. मधोमध एक पाटी होती: 'काम चालू आहे. सहकार्य करावे.'

धुरपदाचं डोकं फिरलं. बाजाराच्या दिवशी ती तरातरा कातळावर गेली आणि म्हणाली, "सातवी गुहा नाहीच आहे."

सगळ्यांच्या माना मोबाइलमधून वर आल्या.

"अहो बाई, नाही कशी?" आप्पासाहेब म्हणाले. "मी स्वतः रडलोय."

"कशावर रडलात?"

"ते सांगून लोकांची मजा घालवू?"

"ससेभाऊ, तुम्ही सांगा. काय होतं आत?"

"गाजर," ससा म्हणाला. "हे एवढं."

"मध होता," अस्वल म्हणालं.

"माझी आई होती," असं म्हणून हत्तीनं डोळे पुसले.

मी तिथवर गेलोच नाही, असं एकही जण म्हणाला नाही. म्हणणार कसा? सगळे आधीच रडून बसले होते.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "गुहा सगळ्यांना दिसली. फक्त बाईंना दिसली नाही. म्हणजे बाई न खेळताच बोलतात. उतरवा यांना!"

अस्वलानं ओढलं. हत्तीनं शेपटीला सोंड घालून ओढलं. धुरपदानं कातळाच्या भेगांत नख्या रुतवल्या, ती तसूभर हलली नाही. "मी खेळलेय! मी एकटीच खेळलेय!" ती ओरडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग माकडशेठ पुढे आला आणि तिच्या कानाशी वाकला.

"अक्का, कोण कुठवर पोहोचलं ते आम्हाला कारखान्यात दिसतं. दारापर्यंत आलेल्या तुम्ही एकट्या. शेवटाला कुणी येतच नाही, तर बनवायचा कशाला? तुम्ही आलात, ही तुमची चूक. आता यांना काहीतरी सांगा आणि बसा उन्हात. नाहीतर दुसरा हत्ती बोलावतो."

धुरपदानं खाली बघितलं. खाली ओल होती, गारवा होता, आणि जांभळीचं ते झाड होतं. पाठीवर ऊन होतं.

"आहे," ती हळूच म्हणाली. "सातवी गुहा आहे. आत... आत ऊन आहे. लांबच लांब कातळ आणि ऊन. आणि कुणी खाली उतर म्हणत नाही."

सगळं जंगल हमसून हमसून रडलं. हत्तीनं तिची शेपटी सोडली.

"हेच तर मी म्हणत होतो!" आप्पासाहेब म्हणाले. "चारदा!"

पुढच्या वर्षी 'आठ गुहांचं राज्य' जाहीर झालं. धुरपदाबाईंनी त्याच दिवशी कातळावरून मत दिलं, "छान आहे. पण सातव्या गुहेची सर नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. खेळ बाईंनी उघडलाही नव्हता. उघडणार कुठून, माकडांनी तो अजून बनवायलाच घेतला नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, चिकाटी हा फार मोठा गुण आहे. फक्त ती खेळाला लावू नये, कातळाला लावावी. आणि ही गोष्ट तुम्ही इथपर्यंत वाचली असेल, तर कुणाजवळ बोलू नका.